टर्कीच्या शिकारीचं एकट्याने चित्रण: कॅमकॉर्डर कुठे ठेवायचा आणि कधी सोडून द्यायचा

किकापूकाठ | २१ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला राहतो. गेली सात वर्षं वसंतातल्या टर्कीच्या (कोंबडीच्या कुळातला मोठा रानपक्षी) हंगामात वर्नन काउंटीत शिकारीला जातो. त्यातली पाच वर्षं कॅमकॉर्डर सोबत असतो. कॅमेरा धरायला दुसरं कोणी नाही, मी एकटाच. एकट्याने शिकारीचं चित्रण कसं करावं यावर मराठीत मला काहीच सापडलं नाही, म्हणून धागा काढतोय. या वर्षी माझं परमिट सी पीरियडचं (हंगामातल्या ठरवून दिलेल्या आठवड्यांपैकी एक) आहे, ३० एप्रिल ते ६ मे. त्याआधी दोन अडचणी सोडवायच्या आहेत, त्या शेवटी विचारतो.

आधी जागा सांगतो. हा भाग ड्रिफ्टलेस म्हणून ओळखला जातो. हिमयुगातल्या हिमनद्या याच्यावरून गेल्याच नाहीत, त्यामुळे बाकीचं राज्य सपाट आणि इथे मात्र उभे डोंगर, अरुंद दऱ्या. दरीला इथे कुली म्हणतात. वर धारेवर मक्याची शेतं, उतारावर ओक आणि हिकरीचं रान, खाली ओढा. टर्की रात्री उतारावरच्या मोठ्या झाडांवर बसतात. पहाटे उजेड फुटायच्या आधी नर झाडावरूनच गॉबल करतो. थंड, वारा नसलेल्या पहाटे ती आरोळी पलीकडच्या कुलीतही ऐकू येते.

निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे बोलावतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने सगळं उलटंच. म्हणून बरेचदा तो साठ-सत्तर पावलांवर येऊन अडून बसतो. पिसारा फुलवतो, गोल फिरतो, मादीने उरलेलं अंतर चालून यावं म्हणून वाट बघतो. हे वीस मिनिटं चालतं, कधी पाऊण तास. मला शिकारीतला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, आणि याच भागाला कॅमकॉर्डरसारखं यंत्र नाही. एकदा चालू केलं की तासन्‌तास चालतं, मोठी बॅटरी लावता येते, झूम लांबचा आणि बिनआवाजाचा.

माझ्याकडे कॅनन विक्सिया एचएफ जी३० आहे, सेकंडहँड घेतलेला, २० पट झूमचा. बुटका ट्रायपॉड, त्यावर छोटं फ्लुइड हेड (कॅमेरा सावकाश वळवता येईल असं डोकं) आणि ट्रायपॉडच्या दांडीला वायरचा रिमोट, ज्यात झूम आणि रेकॉर्डचं बटण अंगठ्याखाली येतं. मी उजव्या हाताचा. खांद्यापेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून बसतो, डावा खांदा पक्षी जिथून येईल त्या दिशेला, बंदूक गुडघ्यावर. उजवा हात बंदुकीच्या मुठीवर राहतो, म्हणून ट्रायपॉड डावीकडे, डाव्या हाताच्या टप्प्यात. बंदुकीच्या नळीचं तोंड ट्रायपॉडच्या आणि लेन्सच्या पुढेच असलं पाहिजे, हे दर वेळी बसल्यावर डोळ्यांनी तपासतो. मादीचा आवाज काढायला तोंडात ठेवायचा डायफ्राम कॉल. लाकडी पेटीच्या कॉलचा आवाज मला जास्त गोड वाटतो, पण त्याला दोन्ही हात लागतात आणि एकट्याकडे तेवढे हात नसतात.

टर्कीला वास फारसा येत नाही, पण नजर अशी की डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान जराशी वळवली की चहूबाजूचं दिसतं. रंग दिसतात, आणि हालचाल तर सगळ्यात आधी. कॅमेरा नेला त्या पहिल्या वर्षी मी त्याचा पडदा उघडा ठेवला होता. पहाटेच्या अंधारात त्याचा निळसर उजेड माझ्या चेहऱ्यावर पडला होता आणि मला पत्ताच नव्हता. झाडावरचा नर गप्प झाला, दुसऱ्या बाजूने उतरला आणि धार ओलांडून गेला. तेव्हापासून पडद्याची चमक सगळ्यात खाली, वर कागदी पुठ्ठ्याची झापड, लाल रेकॉर्ड-दिव्यावर काळी चिकटपट्टी.

आता ज्या गोष्टीमुळे माझी पद्धत बदलली ती. तिसऱ्या हंगामात एक मोठा नर डिकॉयकडे (समोर मांडलेल्या खोट्या टर्कीकडे) येता येता डावीकडे वळला आणि चौकटीच्या बाहेर गेला. मी डाव्या हाताने हेड फिरवायला लागलो. त्याने मान ताठ केली आणि 'पट्ट' असा धोक्याचा आवाज काढला. चित्रण हातचं जाईल म्हणून मी घाईने बार टाकला. अंतर पंचेचाळीस पावलांच्या पुढे होतं, एवढ्या लांब मी एरवी कधीच टाकत नाही. पिसं उडाली आणि पक्षी रानात पळाला. दोन तास चाळणी लावल्यासारखं रान शोधलं. सापडला नाही. ते अकरा सेकंदांचं चित्रण मी पुसलेलं नाही. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या रात्री दर वर्षी बघतो.

त्यानंतरचा नियम असा. डिकॉय वीस पावलांवर मांडायचा. फोकस हाताने डिकॉयवर लावून कुलूप करायचा, कारण ऑटोफोकस मधल्या गवताच्या पात्यावर जाऊन बसतो. चौकट रुंद ठेवायची, डिकॉयच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन पक्षी मावतील इतकी. नर साठ पावलांच्या आत आला की कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. तो तीस पावलांत असेल आणि चौकटीतही असेल तरच बार. दोन्हींतलं एक नसेल तर तो माझा पक्षी नाही. या नियमापायी गेल्या वर्षी दोन चांगले नर सोडले.

अडचणी दोन. पहिली, नर पिसारा फुलवतो तेव्हा छातीतून एक खोल घुमारा काढतो, त्याला इथे ड्रमिंग म्हणतात. आधी 'फ्ट' असा थुंकल्यासारखा आवाज आणि मागोमाग 'व्र्रूम्म'. तो कानापेक्षा बरगड्यांत जास्त जाणवतो. माझ्या चित्रणात तो कधीच येत नाही. मी कॅमेऱ्यावर लोकरीचं बोंडूक घातलेला शॉटगन माइक (समोरच्या दिशेचा आवाज पकडणारा लांबट माइक) लावतो. दुसरी, पहाटेच्या पहिल्या वीस मिनिटांचं चित्रण मुंग्या सोडल्यासारखं दाणेदार येतं. कोणी जाणकार आहे का?

लग्नघर_फिल्म्स | २२ एप्रिल, सकाळी ११:०५

दादा, मी पुण्यात लग्नांचं चित्रण करतो, सतरा वर्षं. टर्की मी फक्त चित्रात पाहिलीय, पण तुमच्या दोन्ही अडचणी माझ्या रोजच्या आहेत.

आवाजाचं आधी. माइकवर किंवा कॅमेऱ्याच्या मेन्यूत लो-कट नावाची सोय असते, वाऱ्याची घरघर कापायला. ती तुम्ही चालू ठेवली असणार, वारा येतो म्हणून. ती खालचे सगळे स्वर कापते. आमच्याकडे ढोल-ताशा पथकाच्या चित्रणात नवीन मुलं हीच चूक करतात, ताशा खणखणीत येतो आणि ढोल कागदी. लो-कट बंद करा. वाऱ्याचं काम त्या लोकरीच्या बोंडकाला करू द्या. ते माइकला घट्ट चिकटलेलं नको, आत हवेची पोकळी हवी, म्हणजे आतली जाळीची नळी आणि वरून लोकर.

दुसरं, आवाजाची पातळी ऑटोवर ठेवू नका. ऑटोवर शांततेत कॅमेरा आवाज वर खेचत राहतो, पानांची सळसळ पावसासारखी येते आणि नर ओरडला की एकदम दाबतो, मग पुढचे दोन सेकंद सगळं बुडाल्यासारखं. हाताने ठरवा. तुमच्या तोंडातल्या कॉलचा आवाज सगळ्यात जवळचा आणि मोठा असणार. तो लाल रेषेच्या बराच खाली राहील अशी पातळी ठेवा आणि विसरून जा. बंदुकीचा आवाज फाटणारच, त्याला इलाज नाही. जमलं तर एक छोटा वेगळा रेकॉर्डर डिकॉयच्या जवळ गवतात ठेवा. नवरदेवाच्या खिशात आम्ही ठेवतो तसा.

दाण्यांचं. तुमचा सेन्सर नखाएवढा आहे, अंधारात कॅमेरा गेन वाढवून उजेड ओढून आणतो, तेच ते दाणे. मेन्यूत एजीसी लिमिट (गेन किती वाढू द्यायचा ते) असेल तर मर्यादा घाला, चित्र काळं येईल पण स्वच्छ येईल. पहाट काळीच असते, ती काळी दिसू द्या. शटर १/६० वर कुलूप करा (तुमच्याकडे वीज ६० हर्ट्‌झची, आम्ही १/५० ठेवतो). अगदीच अंधार असेल तर १/३०, पण मग हलणारं डोकं पुसट येईल. आणि झूम पूर्ण ताणू नका. पूर्ण झूमवर लेन्समधून उजेड कमी येतो. मध्यावर ठेवलंत तरी बराच फरक पडेल.

किकापूकाठ | २२ एप्रिल, रात्री ८:१५

आत्ताच तपासलं. लो-कट चालू होता. पाच वर्षं! मनापासून आभार. डिकॉयजवळ रेकॉर्डर ठेवायची कल्पना या वर्षीच करून बघतो.

नाशिककर७७ | २३ एप्रिल, सकाळी ७:५०

फोनने का नाही करत? आजकाल फोनचे कॅमेरे कुठल्या कुठे गेलेत.

किकापूकाठ | २३ एप्रिल, सकाळी ८:३०

फोन दुसरा कॅमेरा म्हणून लावतो, माझ्याकडे तोंड करून, झाडाच्या मुळाशी. मुख्य कामाला नाही, कारण साठ पावलांवरचा पक्षी फोनमध्ये काळा ठिपका दिसतो. एप्रिलच्या पहाटे कधी पाणी गोठण्याच्या आसपास तापमान असतं, फोनची बॅटरी तिथे तासाभरात मान टाकते. आणि कॅननमध्ये प्री-रेकॉर्ड आहे: बटण दाबायच्या आधीचे ३ सेकंदही तो जपून ठेवतो. नर अचानक समोर उभा राहतो तेव्हा ते ३ सेकंद फार मोलाचे.

शमिका_भ | २४ एप्रिल, दुपारी २:२०

धागा नीट वाचला, म्हणून लिहायचं धाडस करते. शिकार इथे कायदेशीर आहे, मला माहीत आहे, मी स्वतः न्यू जर्सीत राहते. पण मरणाचं चित्रण करायचं आणि ते पुन्हा पुन्हा बघायचं, हे मला समजत नाही. मांस हवं असेल तर शिकार करा. कॅमेरा कशासाठी? तो पक्षी पाऊण तास नाचत होता ते तुम्ही इतकं सुंदर लिहिलंय, आणि मग बार. मला ते जोडता येत नाही.

किकापूकाठ | २४ एप्रिल, रात्री १०:३०

शमिकाताई, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही.

विस्कॉन्सिनमध्ये मूळची टर्की १८८१ मध्ये शेवटची दिसली होती. रानं तोडली, बाराही महिने शिकार झाली, पक्षी संपला. १९७६ मध्ये मिझुरी राज्यातून २९ रानटी टर्की आणून याच वर्नन काउंटीत सोडल्या. बदल्यात विस्कॉन्सिनने मिझुरीला रफ्ड ग्राउस नावाचे रानपक्षी दिले. पुढची काही वर्षं आणखी पक्षी येत राहिले, आणि १९८३ मध्ये पहिला वसंत हंगाम उघडला. आज पक्षी राज्यभर आहे. या कामाला लायसन्सचे आणि टर्की स्टॅम्पचे (टर्कीच्या शिकारीसाठी वेगळं भरायचं शुल्क) पैसे लागले. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. मी ज्या कुलीत बसतो तिथे माझ्या जन्माच्या सुमारास हा पक्षी नव्हता. मी त्याच्यावर बार टाकतो आणि त्याच्या असण्यात माझाही थोडा पैसा आहे, या दोन्ही गोष्टी मला एकत्रच धराव्या लागतात. वसंतात फक्त दाढीवाल्या (छातीवर केसांसारखा झुपका असलेल्या) किंवा नर पक्ष्याचीच परवानगी असते, मादी तेव्हा अंड्यांवर असते.

कॅमेरा कशासाठी? पहिली दोन वर्षं मी चित्रण करत नव्हतो. तेव्हा शिकारीनंतर मला फक्त बार आठवायचा. छाती इतकी धडधडत असते की आधीचा तासभर पुसला जातो. कॅमेऱ्याने तो तास मला परत दिला. नर रागावला की डोकं लाल होतं, निवांत असला की पांढरट-निळं, आणि चोचीवरचा मांसल तुरा पिसारा फुलवताना लांब होऊन लोंबतो, हे मी चित्रणात पाहिलं. जागेवर असताना दिसलं असणार, पण लक्षात राहिलं नव्हतं. माझ्या चुकाही तिथेच दिसतात. अकरा सेकंदांचं वर लिहिलंच आहे.

चित्रण कुठे टाकत नाही. चार माणसं बघतात: मी, बायको, ज्यांच्या शेतात बसतो ते शेतकरी आणि सांगलीला वडील. वडिलांना पाठवताना बार कापून पाठवतो, त्यांनीच तसं सांगितलंय. मांस सगळं खाल्लं जातं. छातीच्या मांसाचे पातळ काप, आणि तंगड्या कांदा-लसूण मसाल्यात चार तास मंद आचेवर, नाहीतर दोरखंडासारख्या लागतात.

शमिका_भ | २५ एप्रिल, सकाळी ९:१०

तुमचं उत्तर प्रामाणिक आहे. माझं मत बदललेलं नाही, पण आता निदान कळतंय की तुम्ही काय बघता. वडिलांना पाठवता ती आवृत्ती मला बघायला आवडेल.

ओझार्ककाका | २५ एप्रिल, रात्री ९:००

मी मिझुरीचा, आता सत्तरी जवळ आली. तुमच्या त्या २९ पक्ष्यांच्या गावचा म्हणा ना! आमच्याकडे १९६० मध्ये पहिला हंगाम उघडला तो तीन दिवसांचा होता, एवढं जपून.

२००३ च्या सुमारास मी मिनी-डीव्ही टेपवर हे उद्योग केले. कॅमेरा कॅनन जीएल२, वजनाला चांगला. टेप साठ मिनिटांची. नर अडून बसला आणि टेप पन्नासाव्या मिनिटाला आली की घाम फुटायचा, कारण टेप बदलताना यंत्र घरघर करतं. एकदा तसंच झालं. पाच मिनिटं शिल्लक, नर चाळीस पावलांवर. मी कॅमेरा बंद केला, नुसता बघत बसलो. तेव्हा आमच्याकडे दुपारी एक वाजता शिकार बंद व्हायची. एक वाजला, नर तिथेच, मी तिथेच. पुढचा अर्धा तास त्याने मला जे दाखवलं ते कुठल्याही टेपवर नाही.

एक सूचना काळजीने करतो. डिकॉय आणि मारलेला पक्षी रानातून नेताना केशरी कापडात गुंडाळा. लाल, पांढरा, निळा यातला कुठलाच रंग अंगावर नको, मोजेसुद्धा नकोत, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. कॅमेऱ्याच्या नादात असलेला माणूस आजूबाजूला दुसरा शिकारी आलाय हे उशिरा बघतो. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, खणखणीत आवाजात माणसासारखं बोला. चित्रण बिघडलं तर बिघडू दे.

किकापूकाठ | २५ एप्रिल, रात्री ९:४५

काका, हे वर लिहायचं माझ्याकडून राहिलं होतं. तुम्ही लिहिलंत, फार बरं झालं.

डॅलसवाला_मंदार | २६ एप्रिल, दुपारी १२:१५

टेक्सासमध्ये रिओ ग्रांडे जातीच्या टर्की भरपूर. मलाही शिकायचंय, पण मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. बंदूक हातात धरता येते का? मित्र म्हणाला सरळ नाही म्हणून.

ओझार्ककाका | २६ एप्रिल, दुपारी ३:३०

मित्राचं अर्धं बरोबर आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. त्याला एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स. लायसन्स हातात आल्याशिवाय मित्राची बंदूक धरायलाही जाऊ नका, नेमबाजीच्या रेंजवरही नाही. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. तुमच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, तेव्हा इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा. तोवर कोणाच्या तरी शेजारी बसून कॅमेरा चालवा, त्याला हा प्रश्नच येत नाही आणि शिकारही तिथेच शिकाल.

कोयनेचा_लपण्या | २७ एप्रिल, रात्री १०:२०

मी पक्षी बघणारा आणि त्यांचं चित्रण करणारा, कोयनेच्या बाजूला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, तेव्हा बंदुकीवर मी बोलत नाही. पण तुमचं लपण आणि आमचं लपण एकच आहे, म्हणून एक गोष्ट लिहितो.

राखी रानकोंबडा पहाटे आरवतो, 'कुक्‌-काया-काया-कुक'. त्याला लपणासमोर आणायला काही जण मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज लावतात. मीही लावायचो. नर पिसाळून येतो, फोटो मिळतो. एकदा विणीच्या दिवसांत मी तो आवाज वीस मिनिटं लावला आणि नर त्या वीस मिनिटांत एक दाणाही खाल्ल्याशिवाय स्पीकरभोवती फिरत राहिला. चित्रण घरी बघताना कळलं. त्यानंतर स्पीकर नेला नाही. तुमच्याकडे शिकाऱ्याला रेकॉर्ड केलेला आवाज चालतो का?

किकापूकाठ | २८ एप्रिल, सकाळी ७:००

नाही. विस्कॉन्सिनमध्ये टर्कीसाठी इलेक्ट्रॉनिक कॉल बेकायदेशीर. आवाज तोंडाने किंवा हाताने काढायचा. मला हा नियम मनापासून पटतो. डायफ्राम कॉलवर मी साधी 'येल्प' (मादीची हाक) काढायला शिकलो त्याला एक हिवाळा गेला, गाडीत ऑफिसला जाता-येता. खोटा सूर लागला की नर गप्प होतो, आणि दुसऱ्या दिवशी चित्रणात तो खोटा सूर मला ऐकू येतो. खरी मादी येल्प करते तेव्हा मधेच थांबते, पानं उकरते, मग दोनच सूर काढते. आम्ही शिकणारे लोक फार बोलतो. हेही चित्रणानेच शिकवलं.

लग्नघर_फिल्म्स | २८ एप्रिल, सकाळी ११:४०

एक विचारू? तुम्ही एकटे. मग तुमचा चेहरा, हातातला कॉल, बंदुकीची सेफ्टी काढणारं बोट, हे जवळचे शॉट कसे घेता? आम्ही मंगलाष्टकांच्या वेळी नवरीचे डोळे चुकले तर नंतर पाच मिनिटं बसवून घेतो. फिल्म जोडायला ते लागतंच.

किकापूकाठ | २८ एप्रिल, रात्री ९:२०

इथलेही बरेच जण शिकार झाल्यावर पुन्हा झाडापाशी बसून ते घेतात. मी घेत नाही. पक्षी मेलेला असताना 'तो येतोय' असा चेहरा करायचा, हे माझ्याने होत नाही. मुळाशी ठेवलेल्या फोनमध्ये माझा जो चेहरा आला असेल तोच. बरेचदा जाळीच्या मुखवट्यामुळे फक्त डोळे दिसतात.

लग्नघर_फिल्म्स | २९ एप्रिल, सकाळी १०:००

इथे मात्र मी सहमत नाही. बघणाऱ्याला गोष्ट कळावी म्हणून घेतलेला शॉट खोटा होत नाही. कॉल हातात धरल्याचा शॉट दुपारी घेतला म्हणून सकाळचा कॉल खोटा ठरत नाही. पक्षी बोलावतानाचा चेहरा नका घेऊ, ते समजतं. पण झाड, वस्तू, वाट, डिकॉय मांडणारे हात, हे घ्या. नाहीतर वडिलांना चाळीस मिनिटं एकाच कोनातून बघावं लागतंय.

किकापूकाठ | २९ एप्रिल, रात्री ८:५०

वस्तू आणि वाट घेईन, ते पटलं. ट्रिलियमची पांढरी फुलं आता सगळ्या उतारावर आलीत, तीही घेतो. वडील एकाच कोनातून बघतात हे खरं, पण मागच्या वेळी त्यांनी फोन करून विचारलं होतं की तो डावीकडच्या ओंडक्यावरचा छोटा पक्षी कोणता. दुसऱ्या कोनाकडे गेलो असतो तर तो राहिला असता.

उद्या पहाटे पावणेचारला निघतो.

किकापूकाठ | ६ मे, रात्री ९:१५

हंगाम संपला. पक्षी नाही मिळाला. चार पहाटा बसलो, त्यातली रविवारची लिहितो.

आदल्या संध्याकाळी नर कुठे झाडावर बसला ते आवाजावरून हेरलं होतं. अंधारात जाऊन त्याच्यापासून दीडशे पावलांवर बसलो. डिकॉय वीस पावलांवर, त्याच्या पायाशी गवतात रेकॉर्डर. लो-कट बंद, पातळी हाताने, गेनला मर्यादा. दूर बार्ड घुबड ओरडलं आणि त्याला उत्तर म्हणून नराने गॉबल केलं. मी तीनच सूर काढले आणि थांबलो. पावणेसहाच्या सुमारास पंखांचा फडफडाट, तो उतरला. मग बराच वेळ काही नाही. मी समोर बघतोय, चौकटीत डिकॉय, धुकं, मागे हिकरीचं खोड.

आणि तो घुमारा माझ्या पाठीमागून आला. झाडाच्या पलीकडून, आठ-दहा पावलांवर. वळणं शक्यच नव्हतं. चौदा मिनिटं तो माझ्या मागे पिसारा फुलवून फिरत होता. पंखांची टोकं कोरड्या पानांवर घासल्याचा आवाज येत होता. घुमारा आला की टेकलेल्या खोडातून पाठीत जाणवतोय असं वाटायचं. मी कॉल जिभेवरून गालात सरकवला आणि तसाच बसून राहिलो. मग तो आला तसा वर धारेकडे गेला.

चौदा मिनिटांच्या चित्रणात एकही टर्की नाही. पण घुमारा आलाय. कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये तो स्पष्ट आहे, पहिल्यांदाच. गवतातल्या रेकॉर्डरमध्ये तो लांबचा आहे आणि एक रॉबिन पक्षी फार जवळचा. वडिलांना काहीही न कापता पाठवलं, आणि शमिकाताईंनाही. लग्नघरवाल्यांनाही मूळ फाइल पाठवलीय, दाबलेली नाही.

शमिका_भ | ७ मे, सकाळी ८:४०

हेडफोन लावून ऐकलं. दोनदा.

लग्नघर_फिल्म्स | ७ मे, दुपारी १:२५

ऐकलं. खालचे स्वर छान आलेत, आमच्या मोठ्या स्पीकरवर टेबल हलतं. एक विचारायचंय. ९ मिनिटं ४० सेकंदांपाशी पानांवर तीन पावलं येतात, अगदी जवळ, आणि मग तो एकदम थांबतो. जवळजवळ अर्धा मिनिट काहीच नाही. तिथे त्याने तुम्हाला पाहिलं का?

किकापूकाठ | ७ मे, रात्री ८:०५

नाही. तिथे मी श्वास सोडला होता.